आमदरफ्तीचा कागद

भाईंदर सोडून विरारकडे निघालेली लोकल दोन-तीन मिनिटांत वसईच्या खाडीवर येते. पुलावरून पश्चिमेकडे पाहिले, तर उजव्या हाताच्या किनाऱ्यावर वसईचा कोट आणि डाव्या हाताला उत्तन, चौक, डोंगरी ही गावे असलेले धारावी बेट. पूर्वेला, खाडी आत वळते तिथे घोडबंदर. अरबस्तानातून येणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावरून हे नाव पडले, असे सांगतात. घोडबंदर आणि धारावी बेट ही दोन्ही आज मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत येतात. रोज लाखो माणसे या पाण्यावरून जातात आणि परत येतात, आणि त्यांची मोजदाद रेल्वेच्या तिकिटापलीकडे कोणी ठेवत नाही.

पाचशे वर्षांपूर्वी याच खाडीच्या मुखाशी जाण्यायेण्याची नोंद हा दोन राज्यांमधल्या तहाचा विषय झाला होता. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्या तहात एक कलम असे होते, की गुजरातच्या बंदरांतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी आधी वसईस यावे, तिथूनच पुढे निघावे आणि परतताना पुन्हा वसईस येऊन जकात भरावी. इतर ठिकाणी जाणाऱ्यांनी पोर्तुगीजांचा परवाना जवळ बाळगावा. पुढच्याच वर्षी दीवला झालेल्या करारात मक्केच्या जहाजांवरची ही सक्ती वसईवरून उठली आणि ती दीवकडे वळली. पण कल्पना तीच राहिली. निघालास ते लिहून ठेवतो, परत आलास की ताडून पाहतो.

मराठीत या दोन हालचालींना मिळून एक जुना शब्द आहे, आमदरफ्ती. फारसीत ‘आमद’ म्हणजे आला आणि ‘रफ्त’ म्हणजे गेला. आजच्या विमानतळावर ज्याला इमिग्रेशन म्हणतात, त्या सगळ्या यंत्रणेचा अर्थ या एका शब्दात मावतो. ही आमदरफ्ती राज्यांनी कशी लिहिली, हे पाहताना मला एक गोष्ट सतत दिसत गेली. या नोंदीचा एक भाग सरकारच्या दप्तरात राहत असे आणि दुसरा प्रवाशाच्या हातात. जहाजाच्या पेटीतला परवाना, मजुराच्या गळ्यातले तिकीट, पासपोर्टावरचा शिक्का ही या दुसऱ्या भागाची रूपे होत. आपल्या काळात हा दुसरा भाग हळूहळू नाहीसा होतो आहे. त्यात प्रवासी काय गमावतो, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

दर्यावरचा परवाना

पोर्तुगीज ज्याला ‘कार्ताझ’ म्हणत, तो शब्द मुळात अरबी ‘किर्तास’, म्हणजे कागद. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून हिंदी महासागरात व्यापार करणाऱ्या प्रत्येक जहाजाने हा कागद घ्यावा, असा पोर्तुगीजांचा आग्रह होता. त्यावर जहाजाचे नाव, नाखव्याचे नाव, जहाजाचा आकार, बरोबरची शस्त्रे, निघण्याचे आणि पोहोचण्याचे बंदर असा तपशील असे. कोणता माल न्यायचा नाही आणि कोणाला बरोबर घ्यायचे नाही, हेही लिहिलेले असे. कागद नसलेले किंवा कागदात न बसणारे जहाज दिसले, की गस्तीचे गलबत ते जप्त करी. प्रवाशांची नावे लिहिण्यात पोर्तुगीजांना रस नव्हता. त्यांना जकात हवी होती आणि समुद्रावरची आपली हुकमत मान्य करून घ्यायची होती.

या कागदापुढे बादशहाचे घराणेही थांबले. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ मध्ये फतेहपूर सिक्रीहून हजला निघाली. परवान्याच्या खटाटोपात तिला आणि तिच्याबरोबरच्या स्त्रियांना सुरतेला जवळजवळ वर्षभर अडकून राहावे लागले. इतिहासकार बदायुनी याने त्या काळातला एक वाद नोंदवून ठेवला आहे. समुद्रमार्गे हजला जायचे, तर पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यावर मेरी व येशूची चित्रे असतात, तेव्हा अशा परिस्थितीत हज करणे बंधनकारक उरत नाही, असे मत दरबारातल्या काही धर्मपंडितांनी मांडले होते. प्रवासाच्या कागदावर कोणाचा शिक्का आहे, हा प्रश्न माणसाच्या श्रद्धेपर्यंत पोहोचू शकतो, हे इतक्या जुन्या काळी लक्षात आले होते.

मराठ्यांनी समुद्रावर पाय रोवला तेव्हा कागदाची ही भाषा त्यांनीही उचलली. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१६ सालच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या प्रकरणात कौल घेतलेल्या व्यापारी जहाजांना त्रास देऊ नये, असे बजावले आहे. त्याहून लक्षात राहण्यासारखा भाग टोपीकरांविषयीचा आहे. फिरंगी, इंग्रज, वलंदेज यांना अमात्य साधे सावकार मानत नाहीत, कारण त्यांच्यामागे त्यांची राज्ये उभी आहेत. म्हणून त्यांनी यावे, व्यापार करावा आणि जावे, कायमचे ठाणे मात्र देऊ नये, आणि वखारीला जागा द्यावीच लागली तर समुद्रकाठी देऊ नये, असा त्यांचा सल्ला आहे. येणे, जाणे आणि राहणे या तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि राज्याने त्यांचा वेगळा विचार करावा, हे आजच्या व्हिसा कायद्यातले मूळ तत्त्व मराठी राजनीतीच्या या ग्रंथात स्पष्ट आहे.

कान्होजी आंग्रे कोकणच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांकडे आपली दस्तके मागत. इंग्रजांचे म्हणणे असे, की आमच्या कंपनीचा परवाना पुरेसा आहे. कान्होजींचे म्हणणे असे, की समुद्र आमचा, तर कागदही आमचाच चालेल. इंग्रजी कागदपत्रांत आंग्र्यांना ‘चाचे’ ठरवले गेले, त्यामागे कोणाचा परवाना खरा हे भांडण मोठ्या प्रमाणात होते. परवाना देण्याचा अधिकार ज्याचा, त्याचे राज्य. म्हणून परवाना नाकारणे हे राज्यच नाकारण्यासारखे होते.

आणि मग मे १७३९. चिमाजी आप्पांच्या फौजांनी दोन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या मोहिमेत घोडबंदर घेतले, धारावी बेट घेतले, आणि शेवटी वसईचा कोट शरण आला. शरणागतीच्या कलमांत जाणाऱ्यांची सोय होती. शिबंदीने मानाने बाहेर पडावे, रहिवाशांपैकी ज्यांना जायचे असेल त्यांनी आठ दिवसांत आपली चीजवस्तू घेऊन जावे, राहणाऱ्यांना त्यांचा धर्म पाळू द्यावा. उत्तन-डोंगरीपासून वसईपर्यंत आज जी ख्रिस्ती कोळी आणि ईस्ट इंडियन वस्ती आहे, ती या न गेलेल्यांची. त्यांनी सरहद्द ओलांडली नाही. सरहद्दच त्यांच्या घरांवरून पुढे निघून गेली.

माणसांची मोजणी

जहाजाच्या जागी माणूस नोंदवला जाऊ लागला तो एकोणिसाव्या शतकात, मजुरांच्या रूपाने. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाल्यावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना हात हवे होते. १८३४ पासून पुढे सुमारे पाच लाख भारतीय मजूर त्या बेटावर करारावर उतरले. त्यांतले बरेच कलकत्ता आणि मद्रासहून गेले, पण मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली आणि त्यांत कोकणातली, घाटावरची मराठी माणसे होती. मॉरिशसमध्ये आजही मराठी मंडळ्या आहेत, गणपती बसतात आणि गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते, ती त्यांच्यामुळे.

फसवून नेलेल्या मजुरांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा १८३७ पासून कंपनी सरकारने कायदे केले. मजुराला अधिकाऱ्यापुढे उभे करायचे, करार समजावून सांगायचा, संमती विचारायची. पुढे त्यासाठी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हे पद आले. निघताना आणि उतरताना याद्या होत. नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, उंची, अंगावरची खूण. पोर्ट लुईसला उतरल्यावर प्रत्येकाला एक क्रमांक मिळे आणि तो आयुष्यभर चिकटे. मजुराच्या हाती एक तिकीट दिले जाई. १८६० च्या दशकात त्यावर छायाचित्रही आले. भारतात फार थोड्या श्रीमंतांकडे स्वतःचे छायाचित्र होते, त्या काळात कोकणातल्या एखाद्या कुणब्याचा चेहरा सरकारी दप्तरात चिकटवला गेला.

हे तिकीट संरक्षणासाठी होते, असे कायदा म्हणे. १८६७ च्या मॉरिशसमधल्या कायद्याने त्याचा दुसरा उपयोग दाखवला. करार संपवून मोकळ्या झालेल्या जुन्या मजुरांनीही तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगायचा, नाहीतर भटका म्हणून अटक. बाजारात गेलेला माणूस तिकीट घरी राहिले म्हणून कोठडीत जाऊ लागला. १८७१ मध्ये आडोल्फ द प्लेव्हिट्झ या मळेवाल्याने नऊ हजारांहून अधिक मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे दिला, आणि त्यानंतर लंडनहून चौकशी आयोग पाठवावा लागला. आल्याची नोंद ही कालांतराने राहण्याची बेडी होऊ शकते, याचे इतके उघड उदाहरण दुसरे मला माहीत नाही.

त्याच नोंदींचे तिसरे आयुष्य आज चालू आहे. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ती रजिस्टरे जपून ठेवली आहेत. मॉरिशसमधली कुटुंबे तिथे जाऊन पणजोबांचे गाव शोधतात. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड देण्याचे जाहीर केले, तेव्हा या रजिस्टरांतल्या एकेका ओळीचे मोल पुन्हा वाढले. मळेवाल्यांनी मजूर पळू नये म्हणून ठेवलेला हिशेब वंशजांच्या हाती पुरावा म्हणून आला. ज्यांच्या घरात जुने तिकीट उरले आहे, त्यांना क्रमांक शोधत बसावे लागत नाही.

जाणाऱ्यावर डोळा

सामान्य प्रवाशाला पासपोर्ट सक्तीचा झाला तो पहिल्या महायुद्धात. ‘कोमागाटा मारू’ जहाजातल्या ३७६ प्रवाशांपैकी बहुतेकांना कॅनडाने उतरू दिले नाही आणि सप्टेंबर १९१४ मध्ये ते जहाज कलकत्त्याजवळ बजबज येथे परतले, तेव्हा येणाऱ्या स्वदेशी माणसांवरही लक्ष ठेवण्यासाठी सरकारने त्याच महिन्यात वटहुकूम काढलेला होता. युद्धकाळात भारत संरक्षण कायद्याखाली देश सोडताना आणि देशात येताना पासपोर्ट आवश्यक ठरला. युद्ध संपल्यावर तो कायदा सरला आणि १९२० चा पासपोर्ट कायदा आला. तो प्रामुख्याने भारतात येण्यासंबंधी होता.

मुंबई बंदराला हजच्या प्रवाशांमुळे याची आधीपासून ओळख होती. १८८६ मध्ये सरकारने थॉमस कुक कंपनीला या वाहतुकीचे काम दिले होते. गरीब यात्रेकरूंना पास मिळे, त्यांची नोंद होई, आणि सरकारची मुख्य काळजी ही असे, की जाणारा परत येईल ना? जेद्दाला पैसे संपून अडकलेल्या माणसांचा खर्च कोणी करायचा? परतीचे तिकीट आधीच काढण्याची किंवा तेवढी रक्कम अनामत ठेवण्याची अट १९२० च्या दशकात आली, ती या काळजीतून.

स्वातंत्र्यानंतर एक विचित्र पोकळी राहिली. येण्यासाठी पासपोर्ट लागे हे कायद्यात होते, पण जाण्यासाठी लागतो असे सांगणारा कायदा नव्हता. तरी पासपोर्टाशिवाय जहाज किंवा विमान कंपनी कोणाला घेत नसे, आणि पासपोर्ट द्यायचा की नाही ही सरकारची मर्जी होती. १० एप्रिल १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग सोहनी यांच्या खटल्यात परदेशी जाण्याचा हक्क हा वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायद्यावाचून तो नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. त्याच वर्षी संसदेने नवा पासपोर्ट कायदा केला. त्यात वैध पासपोर्टाशिवाय भारत सोडू नये, असे स्पष्ट कलम आले. जाण्याचा हक्क आणि जाण्यावरची देखरेख एकाच वर्षी कायद्यात शिरली.

ऐंशीच्या दशकात मीरा रोडच्या मिठागरांवर आणि शेतांवर इमारती उभ्या राहू लागल्या, तोच काळ आखाती देशांत जाणाऱ्यांचा होता. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याने दहावीपर्यंत न शिकलेल्यांना ठरावीक देशांत कामाला जाताना परवानगी सक्तीची केली. आज असे १८ देश आहेत. ही परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव काय? ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’. मॉरिशसच्या मजुरांसाठी निर्माण झालेले पद तेच नाव घेऊन दुबईला जाणाऱ्या प्लंबरसमोर बसले. या देखरेखीने खोट्या दलालांपासून अनेकांना वाचवले, हे खरे. पण पदवीधराला जो प्रश्न कोणी विचारत नाही, तो सुताराला विचारला जातो, हेही तितकेच खरे. आपल्याकडे जाणाऱ्या गरिबावर राज्याचा डोळा नेहमीच अधिक राहिला.

वजाबाकीचे गणित

आमदरफ्तीची नोंद ही शेवटी वजाबाकी असते. आलेल्यांतून गेलेले वजा केले की राहिलेले उरतात. पण ती जमायची, तर दोन्ही रकाने भरलेले हवेत, आणि श्रीमंत देशांनी दुसरा रकाना फार काळ रिकामा ठेवला. अमेरिकेत येताना कसून चौकशी होते, पण जाताना कोणताही अधिकारी भेटत नाही. तिथल्या संसदेने १९९६ मध्ये दोन्ही बाजूंची संगणकीय नोंद ठेवण्याचा कायदा केला, तरी पुढची कित्येक वर्षे निघताना विमान कंपनीच्या काउंटरवर द्यायची कागदी चिठ्ठी हीच जाण्याची खूण होती. आपल्याकडचे अनेक आईबाप मुलाकडे न्यू जर्सीला राहून येताना ती चिठ्ठी द्यायची विसरत आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी आपण वेळेत परतलो, हे सिद्ध करायला मुंबईच्या आगमनाचा शिक्का दाखवत. एका देशाच्या दप्तरातली त्रुटी दुसऱ्या देशाच्या शिक्क्याने भरून निघे. तो शिक्का प्रवाशाच्या हातात होता, म्हणूनच.

ब्रिटनने जाणाऱ्यांची तपासणी १९९४ ते १९९८ दरम्यान बंद केली आणि एप्रिल २०१५ मध्ये ती पुन्हा सुरू केली. त्याच ब्रिटनमध्ये या सगळ्या विषयाला धक्का देणारी घटना घडली. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांतून आलेल्या माणसांची उतरल्याची कार्डे गृहखात्याच्या तळघरात होती. २०१० मध्ये ती नष्ट करण्यात आली. पुढे कायदे कडक झाले आणि पन्नास-पन्नास वर्षे तिथे काम केलेल्या माणसांकडे ‘तुम्ही कधी आलात?’ याचा पुरावा मागण्यात आला. यांतले कितीतरी जण लहानपणी आईबापांच्या पासपोर्टावर आलेले. कोणाची नोकरी गेली, कोणाचे उपचार थांबले, काहींना देशाबाहेर पाठवले गेले. एप्रिल २०१८ मध्ये हे सगळे उघडकीस आले आणि सरकारला माफी मागावी लागली. सरकारने आपला अर्धा भाग नष्ट केला आणि प्रवाशाकडे त्याचा अर्धा भाग कधी दिलाच गेला नव्हता.

युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी प्रवेश-निर्गम पद्धत टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. तिथे पाहुण्याने १८० दिवसांत ९० दिवसच राहायचे असते. आता चेहरा आणि चार बोटांचे ठसे घेऊन संगणकच दिवस मोजतो. ही माहिती तीन वर्षे ठेवली जाते, जाण्याची नोंद सापडली नाही तर पाच वर्षे. पासपोर्टावर शिक्का मारण्याची प्रथा या पद्धतीबरोबर संपते. सिंगापूरने परदेशी पाहुण्यांना जातानाचा शिक्का मारणे २०१९ मध्येच बंद केले.

आपल्याकडेही वाटचाल त्याच दिशेने आहे. भारतीय प्रवाशांचे येण्याचे कार्ड २०१४ मध्ये गेले, जाण्याचे कार्ड १ जुलै २०१७ पासून गेले. मुंबई विमानतळावर जानेवारी २०२५ पासून आधी नोंदणी केलेल्यांसाठी स्वयंचलित दारे आली. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसंबंधीचे चार जुने कायदे जाऊन एकच नवा कायदा आला. हॉटेल, रुग्णालय, विद्यापीठ यांनी परदेशी व्यक्तीची माहिती कळवायची, असे त्यात आहे. रांगा कमी झाल्या, फॉर्मवरचे तेच ते प्रश्न गेले, याचा आनंद मलाही आहे.

पण दिवसांचा हिशेब मात्र प्रवाशानेच द्यायचा असतो. आमच्या मीरा-भाईंदरमध्ये जहाजावर नोकरी करणारी माणसे पुष्कळ. परदेशातल्या कमाईवर कर लागेल की नाही, हे वर्षात १८२ दिवसांच्या रेषेवर ठरते. परदेशी फेऱ्यांवरच्या खलाशांसाठी त्यांच्या सीडीसीत लिहिलेली जहाजावर चढल्याची आणि उतरल्याची तारीख त्यासाठी धरली जाते. माझ्या इमारतीतले एक निवृत्त इंजिनियर आपली सगळी जुनी सीडीसी पुस्तके आणि रद्द झालेले पासपोर्ट एका पत्र्याच्या डब्यात तारीखवार लावून ठेवतात. मुलगा म्हणतो, हे सगळे संगणकात असते. ते म्हणतात, संगणक माझा नाही.

जिथे शिक्का नाही

या नोंदीची मर्यादा कळते ती उत्तनच्या किनाऱ्यावर. समुद्रात नाका नसतो. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर ‘कुबेर’ ही भारतीय मच्छीमार बोट बळकावून मुंबईच्या तोंडाशी आले आणि कुलाब्याच्या कोळीवाड्यात उतरले. त्यानंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे आली, बोटींना राज्यवार रंग ठरले, बोटीवर कोण आहे हे सांगणे आवश्यक झाले. पिढ्यान्‌पिढ्या पहाटे होडी लोटून निघणाऱ्या नाखव्याला आपण घरून निघालो याचा कागद प्रथमच दाखवावा लागला. हल्ला करणाऱ्यांनी त्याचीच वाट वापरली होती, म्हणून तपासणीची झळही आधी त्यालाच बसली.

आणखी उत्तरेला, पालघर जिल्ह्यातले मच्छीमार गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. मासळीमागे जाताना सागरी सीमा ओलांडली गेली की पाकिस्तानी यंत्रणा बोट पकडते. या माणसाच्या जाण्याची नोंद भारतात नाही आणि येण्याचा शिक्का पाकिस्तानात नाही. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी एकमेकांच्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. शिक्षा संपली तरी हा आपलाच नागरिक, याची खातरजमा होईपर्यंत सुटका लांबते. त्या वेळी गावाकडून काय मागवले जाते? रेशनकार्ड, शाळेचा दाखला, मतदार ओळखपत्र, म्हणजे घरात जपून ठेवलेला कागद. तो ज्याच्या घरी पुरात भिजला, त्याची वाट इतरांपेक्षा लांब.

प्रवाशाचा अर्धा भाग

राज्याने आमदरफ्ती लिहू नये, असे कोणी म्हणणार नाही. ती अमात्यांनाही लिहायची होती. हेतू मात्र प्रत्येक वेळी बदलला. पोर्तुगीजांना जकात हवी होती, मळेवाल्यांना मजूर, युद्धकाळातल्या सरकारला निष्ठेची खात्री, आणि आजच्या सरकारांना मुदतीहून अधिक राहिलेल्यांचा आकडा. या सगळ्यांत एक गोष्ट टिकून होती. नोंद करणारा नोंद झालेल्याला काहीतरी देत होता. सुरतेच्या नाखव्याने कार्ताझ दाखवून आपले जहाज सोडवले. मॉरिशसच्या मजुराचा पणतू तिकिटावरचा क्रमांक सांगून गाव शोधतो. न्यू जर्सीहून परतलेली आजी मुंबईचा शिक्का दाखवते. हा कागद सरकारचे काम करत होता आणि वेळ आली की सरकारविरुद्ध साक्षही देत होता.

शिक्का गेला की ही साक्ष पूर्णपणे एकाच बाजूच्या दप्तरात जाते. ते दप्तर चुकले तर काय, हा प्रश्न विमानतळावरच्या चकचकीत दारापुढे उभे असताना सुचत नाही. तो काउंटरपलीकडून ‘तुमच्या जाण्याची नोंद दिसत नाही’ असे ऐकू येते तेव्हा सुचतो. अमेरिका आज आपल्या संकेतस्थळावर प्रवाशाला त्याच्या येण्याजाण्याच्या तारखा पाहू देते. युरोपच्या नव्या पद्धतीतही उरलेले दिवस तपासण्याची सोय आहे. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नागरिकाला स्वतःची माहिती विचारण्याचा हक्क दिला आहे, पण सरकारने अधिसूचित केलेल्या यंत्रणांना त्यातून वगळण्याची वाटही त्याच कायद्यात आहे. शिक्का जर जाणार असेल, तर त्याच्या जागी प्रवाशाला आपल्या प्रत्येक येण्याजाण्याची सहीशिक्क्याची पावती मिळावी, आणि ती मिळणे हा हक्क असावा. कार्ताझच्या काळात समुद्रावर दादागिरी करणाऱ्या पोर्तुगीजांनीही नाखव्याच्या हातात कागद दिला होता. त्यापेक्षा कमी आपण आपल्या सरकारकडून मागू नये.

तोपर्यंत, घरातले जुने पासपोर्ट रद्दीत घालू नका.